तळाची मासळी

माझ्या आत्याचं काम मासे मोजण्याचं होतं. मासे पकडणं, विकणं, खारवणं ही कामं लोकांना कळतात; मोजण्याचं सांगितलं की समोरचा हमखास "म्हणजे वजन?" असं विचारतो. वजन नाही, लांबी. धक्क्यावर पत्र्याच्या छपराखाली तिचं लोखंडी टेबल होतं आणि टेबलावर रेघा कोरलेली एक लाकडी फळी. तारली माशाचं डोकं फळीच्या टोकाला टेकवायचं, शेपूट कुठल्या रेघेपर्यंत जातं ते बघायचं आणि मासा टोपलीत टाकायचा. त्या रेघांत एक लाल रेघ होती. शेपूट तिच्या अलीकडे राहिलं तर मासा लहान, म्हणजे एकदाही अंडी न घातलेला. आत्या दिवसभर असे मासे टेकवायची. टेकवता टेकवता गप्पा मारायची, कोणाला तरी झापायची, पण नजर रेघेवरून हलू द्यायची नाही.

बंदरात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे फूटपट्टी. दोन्ही नावं तिला माहीत होती. तिचं लग्न राहून गेलं, त्याची घरात एक गोष्ट सांगत. एक मुलगा तिला बघायला आला होता. तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट न्याहाळलं. तो घरी जाऊन म्हणे म्हणाला, मुलगी चांगली आहे, पण मी लाल रेघेच्या अलीकडे पडलो असं वाटलं. खरं काय ते तिलाच ठाऊक. ही गोष्ट बाबा सांगायचे, म्हणजे माझे वडील, तिचे धाकटे भाऊ, आणि ऐकून सगळ्यात जास्त तीच हसायची.

त्या दोघांची आई बाबांच्या लहानपणीच गेली होती. आत्यानेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत ढकललं, शाळा सुटल्यावर बोटीवर चढू दिलं. बाबांची स्वतःची बोट झाली, हाताखाली माणसं आली, तरी ती धक्क्यावरून सगळ्यांच्या देखत "बाळ्या, डोक्याला काहीतरी बांध, ऊन लागेल" असं ओरडायची. बाबा दात ओठ खात, आणि डोक्याला फडकं बांधत. ती आमच्या वरच्या खोलीत राहायची आणि जेवायला खाली यायची. आई तिच्यासमोर जरा जपून असे, पण तिची धास्ती कोणालाच नव्हती.

धास्ती होती ती तिच्या फोनची. मोजणी झाली की ती बंदराच्या कचेरीत फोन करून एकच शब्द सांगायची, चालू किंवा बंद. लहान मासळी ठरलेल्या प्रमाणाच्या वर गेली की बंद. मग खाडीच्या तोंडापासून पुढचा सगळा पट्टा काही दिवस मासेमारीला बंद, बोटी धक्क्याला, माणसं घरी, बायका वैतागलेल्या. शिव्या कचेरीला बसत नसत, आत्याला बसत. बाबांची बोट असतानाही तिने कितीदा तरी बंद सांगितलं होतं. त्या दिवशी बाबा जेवताना एक अक्षर बोलायचे नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरून जायचे.

आता बादल्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रत्येक बोटीतून मोजणीसाठी तीन बादल्या मासळी घ्यायची, आणि ती आत्याने स्वतः घ्यायची. पहिली बादली बोट रिकामी करायला सुरुवात होताना, दुसरी अर्धी झाल्यावर, तिसरी अगदी तळातून. कारण बोट हलते, आणि हलता हलता बारीक मासा मोठ्याच्या फटीतून खाली उतरत जातो. वर दिसते ती मासळी चांगली दिसते. तळाला काय आहे ते तळ उघडल्याशिवाय कळत नाही. बंदरातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं.

त्या वर्षी मासळी दारात आली. अक्षरशः दारात. एरवी बोटी पहाटे निघून क्षितिजापलीकडे जायच्या. त्या वर्षी लाटा अडवणाऱ्या दगडी भिंतीच्या पलीकडेच पाणी चमकत होतं. जाळं टाकायचा अवकाश, भरून यायचं. म्हातारी माणसं भिंतीवर बसून बादलीने मासे काढत होती. मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याचं धुराडं दिवसभर ओकत होतं. बाबांनी नुकतीच मोठी बोट घेतली होती. ते म्हणाले, बोटीचा पायगुण. आईनेही मान डोलावली. मला तेव्हा कळत होतं एवढंच की घरात सगळे एकमेकांशी बरे बोलतायत.

बंदरातल्या समुद्र-संशोधन केंद्रात एक मॅडम होत्या. रोज होडीतून जाऊन दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात खोलवर सोडायच्या. त्या धक्क्यावर येऊन म्हणाल्या, "ही मासळी आलेली नाही, कोंडलेली आहे." कोणाला त्याचा अर्थ लागला नाही. मग त्यांनी आत्याच्या टेबलावरच समजावलं. दुधावर फुंकर मारली की साय पलीकडच्या काठाला जाते आणि अलीकडे खालचं दूध उघडं पडतं. आपल्या समुद्रावर वारा अशी फुंकर मारत असतो. वरचं कोमट पाणी तो लांब ढकलतो, त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. त्या गार पाण्यात खत असतं, खतावर डोळ्याला न दिसणारं हिरवं शेवाळ वाढतं आणि शेवाळावर तारली. काही वर्षांनी वारा मंदावतो. नेमका कधी ते कॅलेंडर बघून सांगता येत नाही. मग साय परत येते. कोमट पाणी माघारी पसरतं, गार थर खोल बुडतो आणि खालचं खत वर पोचत नाही. "सध्या गार पाण्याची एक चिंधी किनाऱ्याला चिकटून उरली आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळी मासळी तिच्यात अंग चोरून उभी आहे, लहान, मोठी, सगळी एकत्र. चिंधी संपली की ती खोल जाईल, नाहीतर लांब जाईल, नाहीतर मरेल."

"आणि तोपर्यंत?" बाबांनी विचारलं.

"तोपर्यंत ती तुमच्या हातात आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं हे ऐकून लोक थांबतील. लोकांनी त्यातून उलटाच अर्थ काढला. जाणारच आहे ना, मग आत्ताच काढून घ्या. मला आजही त्यांची कीव येते. माणसाला काय सांगू नये, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

आत्याने ऐकून घेतलं. ती म्हणाली, "माझं काम बादलीपुरतं."

तो दिवस तापला होता. धक्क्याला बोटींची रांग लागली होती आणि उन्हाने मासळी मऊ पडायला लागली होती. मऊ मासळी कारखाना परत पाठवतो, म्हणून जो तो ओरडत होता. बाबांची बोट लागली. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. आत्या बोटीकडे जायला उठली, तर बाबाच समोर आले. दोन्ही हातांत दोन बादल्या, मागे त्यांच्या माणसाकडे तिसरी.

"ताई, तू बस. तिन्ही आणल्यात."

"तिसरी तळाची कुठे आहे? बोट तर भरलेली आहे."

"सगळी एकच मासळी आहे गं. मागे रांग बघ. तुझ्या तळापर्यंत थांबलो तर निम्मी बोट फेकावी लागेल."

आत्याने रांगेकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. त्यांच्या डोक्याला फडकं नव्हतं. मला वाटलं ती त्यावरून काहीतरी बोलेल. ती खाली बसली आणि पहिली बादली जवळ ओढली. मासे लांब निघाले, चकचकीत, एखाददुसराच लाल रेघेच्या आत. मागच्या बोटींनी ते पाहिलं आणि त्यांनीही बादल्या आपणच भरून आणून ठेवल्या. भावाचं चालतं तर आपलं का नाही, असं कोणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. आत्याने फोन उचलला आणि चालू म्हणाली.

बाबांची बोट अजून रिकामी होतच होती. मग तिचा तळ दिसला. टोपल्यांमधून जे वर येत होतं ते बोटाएवढं होतं, काही करंगळीएवढं. कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर ते ओतलं तर ओल्या भुशासारखं दिसत होतं. आत्या टेबलामागून उठून काठापर्यंत गेली. एक मूठ उचलली. मुठीत बघत राहिली आणि मूठ परत टाकली. मला वाटलं आता ती फोन करेल. ती नळाखाली हात धूत बसली, खूप वेळ. बाबा बोटीवरून तिच्याकडे बघत होते.

त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडणाला शेवट असतो. आत्या वरच स्टोव्हवर स्वयंपाक करायला लागली. आई एकदा वर जाऊन आली आणि खाली येऊन म्हणाली, "ताई म्हणतात, मला राग नाही. मग काय आहे म्हटलं तर म्हणतात, काही नाही." बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तिलाच विचार." निरोप माझ्यामार्फत जाऊ लागले. टाकीतलं पाणी संपलं, आत्याला सांग. विजेचं बिल आलंय, बाबाला सांग. मी जिन्यावरून वर-खाली करून करून पाय दुखवून घेतले आणि दोघांनाही मनातल्या मनात लाखोली वाहिली.

त्यानंतर काही दिवस मासळी मिळत राहिली आणि मग थांबली. एका सकाळी जाळी रिकामी आली, दुसऱ्या सकाळीही. पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट झालं होतं. त्याचा हिरवा रंग गेला आणि तळापर्यंत स्वच्छ निळं दिसायला लागलं. बाहेरून आलेली माणसं म्हणत, काय सुंदर समुद्र आहे. समुद्रपक्षी आधी छपरांवर येऊन बसले, मग रस्त्यावर, मग पंख पसरून वाळूत पडलेले दिसायला लागले. सुरुवातीला आम्ही ते बाजूला करायचो. नंतर चालताना फक्त पाय जपून टाकायचो. कारखाना बंद झाला. वास गेला. तो वास नको म्हणून नाकाला पदर लावणाऱ्या बायका आता नाक मोकळं ठेवून गप्प बसून असायच्या.

बाबांनी मोठी बोट विकून टाकली आणि ट्रक धरला. तारली दूर दुसऱ्यांच्या किनाऱ्याला लागली आहे, असं त्यांच्या कानावर यायचं. एकदा म्हणे त्यांनी आपल्याच ट्रकमधून तीच मासळी वाहून आणली. हे त्यांनी सांगितलं तेही भाजीचे भाव सांगावेत तसं. रडारड आमच्या घरात झालीच नाही. सगळे जेवायचे, झोपायचे, उठायचे. मला शाळेत वाटायचं, घरी काहीतरी भयंकर झालंय आणि ते सांगायला मला शब्द सापडत नाहीयेत.

आत्याची नोकरी टिकली. कचेरीला कोणीतरी कागदावर हवंच होतं. ती रोज सकाळी धक्क्यावर जायची, टेबल पुसायची, फळी पुसायची. कधीमधी एखादी होडी चार भलतेच मासे आणायची, कोमट पाण्याबरोबर आलेले, ज्यांची नावं आमच्याकडे कोणाला माहीत नव्हती. ती तेही मोजायची. संध्याकाळी फोन करून बंद म्हणायची. बंद करायला काही उरलं नव्हतं, तरी शब्द सांगावा लागायचा.

एकदा वर गेले तर ती उकळत्या पाण्यात हात घालून पातेलं घासत होती. वाफ येत होती. मी पातेलं ओढून घेतलं. तिचे हात लाल झाले होते आणि तिला ते माझ्याकडे बघून कळलं. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं बर्फाच्या पाण्यात गेली, बोटांच्या नसा मेल्यात. आत्या म्हणाली, "बरं आहे, आता हातमोजे नकोत." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मला तिचा संताप आला होता, आणि तो तिच्यावर काढायला तिने कुठे जागाच ठेवली नव्हती.

वारा परत आला तेव्हा मी नोकरीला लागले होते. मधली वर्षं मोजत बसत नाही. कोमट पाणी एकदा ओसरलं, पुन्हा आलं, पुन्हा ओसरलं. मॅडम म्हणायच्या, समुद्र आपल्या ठरलेल्या फेऱ्या मारतोय. पण तारली सुरुवातीच्या गार वर्षांत परत आली नव्हती. या खेपेला सकाळी खिडकी उघडली आणि अंगावर काटा आला, नुसता गारव्याने. पाणी गढूळ हिरवं झालं होतं. आई म्हणाली, "घाण दिसतंय." ती आनंदाने म्हणाली.

मी आत्याला सोडायला धक्क्यावर गेले. दोन बोटी आल्या होत्या, तळाला थोडी थोडी तारली. मॅडम तिथेच होत्या, केस पिकलेल्या, तसाच थर्मामीटर घेऊन. आत्याने मोजणी केली, फोन केला, फळी धुतली. मग पदराला हात पुसत मॅडमसमोर उभी राहिली.

"मॅडम, एक विचारायचंय. त्या वर्षी मी बंद म्हटलं असतं तर?"

कुठलं वर्ष, हे मॅडमनी विचारलं नाही. त्या थर्मामीटरची दोरी गुंडाळत राहिल्या, गुंडाळून झाल्यावर म्हणाल्या, "बरीचशी गेलीच असती, ताई. पाणीच तसं होतं. तुमच्या माझ्या हातात नव्हतं."

"बरीचशी. आणि बाकीची?"

"बाकीची वाचली असती, तर कदाचित आधी परत आली असती. कदाचित तीही खाली जाऊन मेली असती."

"अंदाजे किती?"

"नाही सांगता येणार. अंदाजेही नाही. तळाची मासळी किती होती तेच आपल्याकडे नाही ना."

मला त्या बाईंच्या कानाखाली द्यावीशी वाटली. काहीच फरक पडला नसता, एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? समुद्राला काही ऐकू जात नव्हतं. पण त्या तशा नव्हत्या, आणि आत्याही तशी नव्हती. आत्याने मान हलवली आणि "बरं" म्हणाली. फळी उन्हात उभी केली. बाजारातून जाताना एकाने "ताई, आली का मासळी?" असं विचारलं, त्यालाही तिने फक्त मान हलवली.

घरी आल्यावर ती जिन्याकडे वळली नाही. आमच्या दारातून आत आली. बाबा खाटेवर बसून पायाला तेल चोळत होते. ट्रक चालवून त्यांचा गुडघा गेला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकली. आत्या बाबांसमोर उभी राहिली.

"बाळ्या, खाली बारीक मासळी आहे हे तुला माहीत होतं?"

बाबांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "होतं."

"मग मला सांगायचं होतंस." तिचा आवाज कोरडा होता, फोनवर बोलायची तसा. "मी चालूच म्हटलं असतं. नवी बोट होती तुझी. मी तळाची बादली मोजली असती आणि तरी चालू म्हटलं असतं. मला फसवायची काय गरज होती?"

मी तिच्याकडे बघत राहिले. हीच फूटपट्टी, जिने सख्ख्या भावाची बोट कितीदा धक्क्याला बांधून ठेवली होती. मी इतकी वर्षं समजत होते की हिला मासळीचं दुःख आहे.

बाबा गुडघ्याकडे बघत होते. "माहीत होतं मला," ते म्हणाले. "माझ्यासाठी तू खोटं चालू म्हटलं असतंस. म्हणून तर नाही सांगितलं, ताई."

पंखा फिरत होता. आत्या उभीच होती. तिला खरं तर कुठेतरी बसायचं होतं असं दिसत होतं, पण बसायला त्या खोलीत खाटेशिवाय काही नव्हतं. कोणी रडलं नाही. मलाही रडू आलं नाही, यायला हवं होतं. थोड्या वेळाने बाबांनी दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवला आणि तिच्यासाठी खाटेवर जागा केली.